पोस्टमॉडर्न पिढीशी चर्चने बोलायचं कसं? गिटार आणि स्क्रीनच्या आधी करायची कामं

चर्चमधली तरुण मुलं कमी व्हायला लागली की कमिटीची मीटिंग बसते आणि त्या मीटिंगमधे तीन उपाय हमखास निघतात, गिटार आणा, स्क्रीन लावा, आणि पाळकसाहेबांना जरा साधे कपडे घालायला सांगा. मी स्वतः अशा मीटिंगांमधे बसलोय आणि स्क्रीनच्या बाजूने हात पण वर केलाय. स्क्रीन आली, सहा महिने सगळे खुश, मग परत तीच मुलं मागच्या बाकावर, आणि काही दिवसांनी तिथेही नाहीत. तर ज्यांना हे काम मनापासून करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, आम्ही जे उलट्या क्रमाने केलं ते सुलट क्रमाने कसं करता येईल ते.

आधी पोस्टमॉडर्न म्हणजे काय ते दोन मिनिटांत उरकू. १९७९ मधे ल्योतार नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने कॅनडातल्या क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी ज्ञानाच्या परिस्थितीवर एक रिपोर्ट लिहिला होता, त्यात त्याचं म्हणणं असं की आताच्या माणसाचा महाकथांवर विश्वास उरलेला नाही. महाकथा म्हणजे अख्ख्या जगाला एकाच गोष्टीत बसवणारी मोठी गोष्ट, विज्ञानाने सगळं सुटेल, प्रगती होतच राहील, क्रांती येईल आणि सगळे सुखी होतील, वगैरे. त्याच सुमारास फुको नावाचा दुसरा फ्रेंच विचारवंत विचारत होता की सत्य ठरवतं कोण आणि ते ठरवल्यामुळे सत्ता कोणाच्या हातात जाते. बास, एवढं पुरे, याच्यापुढे तत्त्वज्ञान मंचावरून सांगू नका, लोक झोपतात. पण लक्षात घ्या, ज्या मुलीने या दोघांचं नाव कधी ऐकलेलं नाही तीसुद्धा रोज हाच प्रश्न विचारत असते, फक्त तिच्या भाषेत, की हे तुम्ही म्हणताय खरं, पण यात तुमचा काय फायदा?

इथेच आपली मंडळी गडबड करतात. "ही पिढी सत्य मानतच नाही, यांना सगळंच चालतं" असा संदेश मी कितीतरी वेळा ऐकलाय, आणि तो ऐकताना बाजूला बसलेल्या पोरांची तोंडं पण बघितलीत. अहो, यांना सगळं चालत नाही! छळ, भेदभाव, दुर्बळांवर अन्याय, पर्यावरणाची वाट लावणं, या गोष्टींवर ही मुलं आपल्यापेक्षा जास्त कडक आहेत, कधीकधी तर नको तितकी कडक, एक चूक झाली की माणूस कायमचा बाद. म्हणजे सत्य-असत्य, बरं-वाईट त्यांना कळतं, फक्त ते आपण मंचावरून सांगितलं म्हणून मान्य होत नाही. पूर्वी पहिला प्रश्न असायचा की हे खरं आहे का. आता त्याच्या आधी एक प्रश्न आलाय, तुमच्यावर विश्वास ठेवू का. हा नवा प्रश्न टाळून जुन्याचं उत्तर कितीही सुंदर द्या, ते पोचतच नाही.

घर उघडं करा, मग पाहुणे बोलवा

म्हणून मी सुरुवात हिशोबापासून करायला सांगतो, लोकांना हे विचित्र वाटतं, की संस्कृतीशी संवाद आणि ऑडिट यांचा काय संबंध. संबंध असा, की जो माणूस प्रत्येक ठिकाणी सत्ता कुठे लपलीय ते शोधतो त्याला चर्चमधे पण ती शोधायची असते, आणि दुर्दैवाने ती सापडलेली आहे. २००२ मधे बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेले मुलांवरचे अत्याचार आणि ते कसे झाकले गेले ते बाहेर काढलं, आणि २०२१ मधे फ्रान्समधल्या स्वतंत्र आयोगाने १९५० पासूनचा अंदाज दिला, धर्मगुरू आणि धर्मसंघीयांकडून अत्याचार झालेल्या अल्पवयीन मुलांची संख्या सुमारे २,१६,०००. आता या आकड्यापुढे तुम्ही स्क्रीनवर काय दाखवणार? आणि "ते कॅथलिक, आपण नाही" हे वाक्य तर बोलूच नका, बाहेरच्या माणसाला आपली पंथांची कुंपणं दिसत नाहीत, आणि आतून बघितलं तर प्रोटेस्टंटांचं घर पण काही धुतलेलं नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इंग्लंडमधल्या शेफिल्डचं. तिथे १९८६ मधे नाईन ओ'क्लॉक सर्व्हिस नावाची उपासना सुरू झाली, क्लबसारखं संगीत, लाईट, प्रोजेक्शन, अगदी पोस्टमॉडर्न म्हणतात तसं सगळं, तरुण शेकड्यांनी यायचे, बाकीची चर्चेस बघायला यायची की हे कसं केलं. १९९५ मधे ते बंद पडलं, कारण ज्याच्याभोवती सगळं फिरत होतं त्या नेत्याने स्त्रियांचा गैरफायदा घेतल्याचं उघड झालं. अमेरिकेत सिॲटलचं मार्स हिल चर्च, १९९६ मधे सुरू झालेलं, शहरी तरुणांसाठी प्रसिद्ध, पुढे अनेक शाखा, आणि २०१४ मधे प्रमुख पास्टरच्या हुकूमशाही वागण्यावरून वाद पेटला, त्यांनी राजीनामा दिला आणि थोड्याच महिन्यांत अख्खी संस्था विसर्जित. दोन्हीकडे स्टाईल एक नंबर होती. सत्ता मात्र एका माणसाच्या मुठीत.

तर करायचं काय? पैसे कुठून आले, कुठे गेले, पाळकांचा पगार किती, हे दरवर्षी मंडळीसमोर मांडायचं, आणि कोणीही उठून प्रश्न विचारू शकेल अशा पद्धतीने मांडायचं, नोटीसबोर्डवर बारीक अक्षरात नाही. कमिटीवर एकच माणूस वीस वर्षं बसू नये म्हणून मुदत ठरवायची. लहान मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही, नेहमी दोघं, आणि दार उघडं. तक्रार आली तर ती ऐकायला चर्चच्या बाहेरची एक व्यक्ती, आणि कायद्याने जिथे कळवायचं तिथे लगेच कळवायचं, "आपण आधी प्रार्थना करू, क्षमा करू, घरातली गोष्ट घरात ठेवू" हे अजिबात नाही. आणि जुनं काही घडलेलं असेल तर ते कोणीतरी बाहेरून खणून काढायच्या आधी आपणच सांगायचं. हे सगळं लिहून दारावर लावा. मी खात्रीने सांगतो, नवीन आलेली आई भिंतीवरचं वचन वाचायच्या आधी हा कागद वाचते.

फ्रान्समधला तेझे समुदाय बघा, वेगवेगळ्या पंथांतले ब्रदर, म्हणजे व्रत घेतलेले लोक, तिथे एकत्र राहतात, ब्रदर रॉजर १९४० मधे बरगंडीतल्या त्या छोट्या गावात येऊन राहिले तिथून सुरुवात. आज हजारो तरुण तिथे आठवडा-आठवडा राहायला जातात. त्या समुदायाचा एक नियम आहे, स्वतःसाठी देणगी घ्यायची नाही, ब्रदर लोक स्वतःच्या कामावर जगतात. "यात तुमचा काय फायदा" या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे बघितलेलं नाही. प्रत्येक चर्चला हे जमणार नाही हे कबूल, पण दिशा कळते.

तीन महिने फक्त ऐका

हे काम कोणाला करायचंच नसतं कारण यात बोलायला मिळत नाही. पद्धत सोपी आहे. जे चर्च सोडून गेले किंवा आतून निघून गेलेत पण शरीराने येतात, अशा दहाबारा जणांशी एकेकट्याने भेटायचं. दोनच प्रश्न, "तुला कधीपासून इथे परकं वाटायला लागलं?" आणि "आम्ही काय ऐकलं नाही?" मग गप्प बसायचं. वही काढायची नाही, समजावायचं नाही, "पण शास्त्रात असं लिहिलंय" तर नाहीच नाही. शेवटी "प्रार्थना करूया का" हे पण समोरच्याला हवं असेल तरच.

माझी फजिती सांगतो. युथ ग्रुप चालवत असताना एका मुलीने विचारलं होतं की माझा भाऊ गेला तेव्हा देव कुठे होता. मी तयारीचा माणूस, दुःखाच्या प्रश्नावर माझ्याकडे तीन मुद्दे पाठ होते, स्वतंत्र इच्छा, पतित जग, आणि देवाची मोठी योजना, तिन्ही तिला सात मिनिटांत दिले. ती थँक्यू म्हणाली. परत आली नाही. खूप नंतर कळलं की तिला उत्तर नकोच होतं, भाऊ कसा होता हे कोणीतरी विचारावं एवढंच हवं होतं. आणि गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात अम्माऊस गावाच्या वाटेवर येशू नेमकं हेच करतो, येशू गेला म्हणून दोन शिष्य रडकुंडीला आलेत, बरोबर चालणारा तोच आहे हे त्यांना कळत नाही, त्याला सगळं माहीत आहे, तरी तो आधी विचारतो की कशाबद्दल बोलताय, आणि त्यांना अख्खी गोष्ट सांगू देतो. शास्त्राचा उलगडा त्यानंतर. ओळख तर त्याहून उशिरा, जेवणाच्या वेळी भाकर मोडताना. हा अध्याय मी शंभर वेळा वाचलेला होता हो.

पौलाकडून शिका, पण अख्खा अध्याय वाचा

संस्कृतीशी संवाद म्हटलं की बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७ येतंच. येशूचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित पौल अथेन्समधे, आजूबाजूला एपिकूरपंथी आणि स्तोयिक तत्त्वज्ञ, आणि त्याला "अज्ञात देवाला" असं लिहिलेली वेदी दिसते, तिथून तो बोलायला लागतो. यातून सगळे एक धडा घेतात की सिनेमातलं, गाण्यातलं एखादं वाक्य उचला आणि संदेशाला जोडा. झालं, संस्कृतीशी संवाद. पण तिथे बारकाईने बघितलं तर चार गोष्टी आहेत. एक, तो आधी शहरभर फिरलाय, नीट निरखून बघितलंय, आणि बाजारात रोज लोकांशी वाद-संवाद केलाय. दोन, आतून तो प्रचंड अस्वस्थ झालेला आहे, पण बोलताना सुरुवात टोमण्याने करत नाही. तीन, तो त्यांच्या कवीची ओळ वापरतो, "आपण त्याचे वंशज आहोत" ही ओळ अरातस नावाच्या ग्रीक कवीची, म्हणजे ते काव्य त्याला माहीत होतं, आदल्या रात्री शोधून आणलेलं वाटत नाही. आणि चार, तो शेवटी पुनरुत्थानावर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावर, येतोच, जिथे लोक हसणार हे त्याला माहीत असणार. काही हसले, काही म्हणाले परत कधीतरी ऐकू, आणि मोजके लोक त्याच्याबरोबर गेले, त्यातली दोन नावं लिहून ठेवलीत, दियनुस्य आणि दामारी. एवढाच रिझल्ट. आपल्या कमिटीने पौलाला रिपोर्ट मागितला असता तर प्रोग्रॅम फेल म्हटलं असतं.

तर या महिन्यात करायचं ते हे, तुमच्या भागातले तरुण जे बघतात, ऐकतात, खेळतात, त्यातली एकच गोष्ट घ्या आणि ती आवडीने, शेवटपर्यंत बघा. संदेशात वापरायची म्हणून नको. बघून झाल्यावर स्वतःला विचारा, यात कशाची भूक आहे, कशाची भीती आहे, आणि यात असं काय खरं आहे जे मला चर्चमधे शिकायला मिळालं नाही. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ज्याला त्याचं उत्तर सापडत नाही त्याने ते उदाहरण मंचावर वापरू नये. आणि तरुणांची बोली उचलून बोलायचा मोह टाळा प्लीज, पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी विशीतली स्लँग ऐकून मुलांना जी लाज वाटते ती आपल्याला दिसत नाही एवढंच.

प्रश्नांचा तास कसा चालवायचा

माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर. न्यूयॉर्कमधे टिम केलर यांनी १९८९ मधे रिडीमर चर्च सुरू केलं तेव्हा उपासनेनंतर ते थांबायचे आणि कोणीही काहीही विचारू शकायचं. त्यांची आणखी एक सवय, संदेश देताना शंका घेणारा माणूस समोर बसलाच आहे असं धरून बोलायचे, त्याचा आक्षेप स्वतःच मांडायचे आणि तो नीट मांडायचे, म्हणजे समोरच्याला वाटावं की अरे मी पण इतकं चांगलं बोललो नसतो. जिथे आक्षेप घेणाऱ्याला मूर्ख दाखवून टाळ्या मिळवल्या जातात तिथे शंका असलेला माणूस एकदाच येतो.

कसं करायचं: उपासनेनंतर अर्धा तास, चर्चच्या मुख्य भागात नको, बाजूच्या खोलीत, खुर्च्या गोल. प्रश्न चिठ्ठीवर किंवा फोनवरून, नाव न लिहिता, कारण पहिले काही महिने खरे प्रश्न निनावीच येतात. उत्तर द्यायला दोघं, त्यातली एक व्यक्ती पाळक नसलेली, शक्यतो एक स्त्री. एका उत्तराला तीन मिनिटं, घड्याळ लावून, हे न पाळल्यास दुसरा संदेश सुरू होतो, आपल्या लोकांना माईक मिळाला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. "मला माहीत नाही" हे वाक्य पहिल्याच दिवशी एकदा तरी मोठ्याने बोलून दाखवा, मुद्दाम नाही, पण संधी आली की सोडू नका. प्रश्न गाळायचे नाहीत. समलैंगिकता, नरक, स्त्रियांना सेवेची दीक्षा (म्हणजे पाळक होऊ द्यायचं का), जुन्या करारातली युद्धं, चर्चचा वसाहतवादाशी संबंध, हे येणार म्हणजे येणार. तुमच्या चर्चची यावर जी भूमिका असेल ती सरळ सांगा, गोलमोल बोलू नका, पण चर्चमधेच यावर मतभेद असतील तर तेही सांगा. लपवलेली भूमिका नंतर कळली की माणूस फसवल्यासारखा निघून जातो, आणि ते बरोबरच आहे त्याचं.

आणि एक, विचारणाऱ्यावर नंतर डोळा ठेवायचा नाही. "तो तसला प्रश्न तूच विचारलास ना?" हे एका वडीलधाऱ्याने बाहेर पायरीवर म्हटलं की पुढच्या आठवड्यापासून चिठ्ठ्या बंद.

"फक्त येशूच का?" हे कसं बोलायचं

सगळ्यात अवघड जागा. इथे दोन टोकं दिसतात. २००० च्या आसपास इमर्जिंग चर्च म्हणून, चर्चला नव्या काळाच्या रूपात मांडू बघणारी, जी लाट आली तिने प्रश्न चांगले विचारले, पण तिच्यातल्या काही गटांनी संवाद करता करता संदेश इतका पातळ केला की शेवटी संवाद करायला हातात काही उरलं नाही. दुसरं टोक म्हणजे भिंत बांधून आतून ओरडणं. मला या दोन्हीच्या मधे ज्या माणसाची मदत झाली तो म्हणजे लेस्ली न्यूबिगिन. स्कॉटलंडच्या चर्चकडून १९३६ मधे मिशनरी म्हणून भारतात आलेले, १९४७ मधे चर्च ऑफ साऊथ इंडियाचे बिशप झाले, १९७४ मधे निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, आणि परतल्यावर त्यांना धक्का बसला की ज्या देशातून मिशनरी निघायचे तिथेच आता सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, परकी झालीय, आणि भारतात जाणवायची ती आशा इथे कुठे दिसत नाही. म्हणून म्हातारपणी या माणसाने पाश्चात्त्य संस्कृतीलाच मिशनचं क्षेत्र म्हणून अभ्यासायला घेतलं. कांचीपुरमला असताना ते रामकृष्ण मिशनच्या संन्याशांबरोबर जमिनीवर बसून आळीपाळीने उपनिषदं आणि शुभवर्तमान वाचायचे, म्हणजे दुसऱ्याचं ऐकणं त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपल्याला माहीतच आहे, प्रत्येकाला हत्तीचा एकेक भाग सापडला, म्हणून सगळे धर्म सारखेच. न्यूबिगिननी त्यात एक बारीक गोष्ट दाखवली, की ही गोष्ट सांगणाऱ्याला अख्खा हत्ती दिसतोय! म्हणजे नम्र वाटणाऱ्या त्या माणसाचा दावा सगळ्यात मोठा. मुद्दा भारी आहे, पण खबरदार, हा वादात समोरच्याला गप्प करायला वापरू नका, मी वापरलाय, समोरचा गप्प होतो आणि मैत्री पण गप्प होते. त्याचा उपयोग स्वतःवर करायचा, की मलाही अख्खा हत्ती दिसत नाही. न्यायाधीश वेगळा, साक्षीदार वेगळा. साक्षीदाराने जे बघितलं ते ठामपणे सांगायचं असतं, निकाल द्यायचा नसतो. "तू चुकीचा आहेस" याऐवजी "मला येशूमधे हे सापडलं, आणि ते फक्त माझ्यापुरतं खरं आहे असं मला वाटत नाही, पण तुझ्यावर लादायचा मला अधिकार नाही", एवढं लांबलचक वाक्य झालं तरी चालेल. आणि न्यूबिगिन म्हणायचे की सुवार्तेचा अर्थ लोकांना कळतो तो ती जगणाऱ्या मंडळीकडे बघून. हे वाचायला गोड, करायला महाग, कारण मग वर हिशोबाचं जे लिहिलं ते सगळं सुवार्तेचाच भाग होतं.

जुन्या गोष्टी फेकू नका

ही मला उशिरा कळलेली गोष्ट. आम्ही आधुनिक व्हायच्या नादात शांतता, मेणबत्ती, लिखित प्रार्थना, सगळं काढून टाकलं आणि दिवसभर स्क्रीन बघून आलेल्या मुलांना आणखी एक स्क्रीन दिली. तेझेमधे उलट आहे, दिवसातून तीन वेळा प्रार्थना, छोटी गाणी पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या भाषांत, आणि मधे बराच वेळ नुसती शांतता. कोणी समजावून सांगत नाही, कोणी भावना चढवत नाही. महिन्यातून एकदा असं करून बघा, पाच मिनिटं शांतता ठेवा, पहिल्या वेळी खोकले येतील, खुर्च्या वाजतील, दुसऱ्या वेळी कमी.

विलाप पण परत आणा. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची, रडण्याची स्तोत्रं भरपूर आहेत, ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी "पण देव चांगला आहे" असं काही येत नाही. आपली गाणी मात्र सगळी विजयाची. ज्याला सगळ्या गोड गोष्टींचा संशय येतो अशा माणसासमोर ८८ वं स्तोत्र वाचा, तो मान वर करून बघतो की हे पण तुमच्याच पुस्तकात आहे?

साक्षीचं पण तेच. "मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता सगळं छान" या साच्यातल्या साक्षी थोड्या कमी करा, आणि ज्याचं अजून सुटलेलं नाही अशा माणसाला बोलू द्या. आजार बरा झाला नाही, नोकरी मिळाली नाही, तरी येतो, का येतो ते सांगतो. पाच मिनिटं पुरतात. बोलणाऱ्याला आधी विचारा, जबरदस्ती नको, आणि रेकॉर्ड करून नेटवर टाकू नका.

आपले आतले शब्दही तपासा. तारण, अभिषेक, ओझं, मोडलेपण, आत्मिक युद्ध, हे शब्द टाका असं मी म्हणत नाही, पण एका रविवारी एकच शब्द घेऊन तो रोजच्या भाषेत उघडा. करताना लक्षात येतं की काही शब्दांचा अर्थ आपल्यालाच नीट सांगता येत नाही.

टेबल आणि बाकी थोडं

लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टनमधे १९७७ मधे ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा अल्फा कोर्स सुरू झाला तो चर्चमधे नव्याने आलेल्यांसाठी, १९९० पासून निकी गंबेल यांनी तो चर्चबाहेरच्या लोकांना धरून बदलला, रचना साधी, आधी जेवण, मग छोटं बोलणं, मग गटात चर्चा. बोलण्यातल्या मजकुरावर टीका करणारे बरेच आहेत, मलाही काही ठिकाणी ते जरा घाईचं वाटतं, पण क्रम बरोबर आहे. पूर्वी आपण म्हणायचो आधी विश्वास ठेव, मग आमच्यात ये. आता माणूस आधी आपल्यात येऊन बसतो, वर्ष-दोन वर्षं बघतो, मग ठरवतो, आणि कदाचित ठरवतही नाही. त्याला तोवर खुर्च्या लावायला, गायला, गरजूंच्या कामात हात लावायला मोकळीक द्या. बाप्तिस्मा, प्रभुभोजन, शिकवण्याची जबाबदारी यांचे नियम तुमच्या चर्चचे जे असतील ते ठेवा, फक्त ते आधीच सांगा, ऐनवेळी रांगेत उभं असताना नको.

रविवारी सकाळीच यायला हवं हा हट्ट पण सोडता येतो. चर्च ऑफ इंग्लंडने २००४ मधे याच विषयावर एक अहवाल काढला, त्यातून कॅफेत, शाळेत, घरात भरणाऱ्या वेगवेगळ्या मंडळ्यांना वाट मिळाली. ऑनलाईनचं थोडक्यात सांगतो, लाईव्ह करा, जे आजारी आहेत किंवा दुरून बघू इच्छितात त्यांच्यासाठी ते चांगलं दार आहे, पण कमेंटमधे वाद घालू नका आणि मुलांचे फोटो परवानगीशिवाय टाकू नका.

कोणी जातो म्हणाला तर त्याला जाऊ द्या, त्याच्या मागे प्रार्थनेच्या नावाखाली चर्चा करू नका. तीन महिन्यांनी एक फोन, कसा आहेस एवढंच विचारायला, परत ये म्हणायला नाही. आमच्याकडे दोघं असे परत आले. बाकीचे नाही आले, त्यांना मी अजूनही फोन करतो.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर पुढच्या रविवारी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, हिशोबाचा कागद वार्षिक सभेपर्यंत तयार होईल. पहिल्या रविवारी डबा रिकामा निघाला तर घाबरू नका, आमचा तीन आठवडे रिकामा होता. त्या वेळी तुमचा स्वतःचा एक खरा प्रश्न लिहून टाका, ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही असा, आणि उपासनेनंतर तो सगळ्यांसमोर वाचा. चौथ्या आठवड्यात आमच्या डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या दोनांना आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.